आमच्या इमारतीमागची आंबट माती

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले ती खरं म्हणजे पंखा कमी करा, एवढंच सांगायला. वारा थेट माझ्या मानेवर येत होता. पण नेमकं त्याच क्षणी सेक्रेटरींनी इमारतीमागच्या मोकळ्या पट्ट्याचा विषय काढला होता. "तिथं फरशी घालू आणि गाड्या लावायची सोय करू," ते म्हणत होते. "नाहीतरी ती जागा मेलेली आहे. तिथं काही उगवलं नाही, उगवत नाही आणि उगवणार नाही. कुणाची हरकत?"

आणि सगळ्या सभेत उभी मी एकटीच.

"बोला मॅडम," सेक्रेटरी म्हणाले. "काय हरकत आहे आपली?"

अशा वेळी 'पंखा' असं पुटपुटून खाली बसणं मला जमलं असतं, तर आयुष्यात मी बऱ्याच भानगडींतून वाचले असते. पण मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. माझ्यासमोर उभं राहून लोक दिवसभर हरकती घेत असतात, आणि मी त्या बसून ऐकते. उभं राहून हरकत घेण्याची पाळी आज पहिल्यांदाच माझ्यावर आली होती. शिवाय तो पट्टा आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे. तिथं गाड्या लागल्या असत्या तर त्यांचा धूर पहिल्यांदा माझ्या ओट्यावर आला असता.

"मी उगवून दाखवते," मी म्हटलं.

"काय उगवून दाखवता?"

"काहीही! पुढच्या वार्षिक सभेपर्यंत. नाही उगवलं तर खुशाल फरशी घाला."

सभेनं टाळ्या वाजवल्या. त्या माझ्या बाणेदारपणासाठी होत्या की विषय संपला म्हणून, ह्याचा तपास मी मुद्दाम केलेला नाही. मी खाली बसले तेव्हा शेजारून ह्यांनी हळूच विचारलं, "तू पंखा कमी करायला सांगणार होतीस ना?"

हे छापखान्यात मुद्रितं तपासतात. लोकांच्या चुका शोधायच्या आणि समासात बारीक खूण करून गप्प बसायचं, असा त्यांचा व्यवसाय आहे. घरीही ते तसेच वागतात. फक्त घरी समास नसतो, त्यामुळे ती खूण थेट मला लागते.

दुसऱ्याच दिवशी मी ताईला फोन केला. ताई माझी थोरली बहीण. पुलापलीकडे तिचा बंगला आहे, आणि बंगल्याभोवती गुलाब. ते गुलाब प्रदर्शनात जातात, बक्षिसं घेऊन घरी येतात आणि मग वर्षभर नातेवाइकांना त्यांची हकिगत ऐकावी लागते. लहानपणापासून ताईला जे येतं ते मला येत नाही, अशी घरात सर्वमान्य वाटणी झालेली आहे. तिचा गळा गोड, माझा फक्त मोठा. तिचं शिवण सरळ जायचं, माझं जिथं वाट मिळेल तिथं. त्यामुळे बागकामात पडताना मी तिला विचारलं नसतं तर तिला वाईट वाटलं असतं. विचारल्यावर मला वाईट वाटणार हे ठरलेलंच होतं.

ताई आली, स्वतःच्या हातानं वाढवलेला एक गुलाब घेऊन आली. पट्ट्यावर वाकून तिनं मूठभर माती उचलली, दाबली आणि मूठ उघडली. माती बोटांतून सरसर खाली गेली.

"अगं धाकटे, ही माती आहे की साखर?"

"माती आहे."

"माती मुठीत वळते गं. ही तर पळतीये. माझ्याकडची माती कशी लोण्यासारखी! काळीभोर! काडी खोचली तरी फुटते."

ताईनं गुलाब लावला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एखाद्या पोराला वसतिगृहात सोडून निघावं तशी मागं वळून वळून बघत ती गेली.

त्या गुलाबासाठी मी काय केलं नाही! पण बादलीभर पाणी ओतून मी बादली खाली ठेवेपर्यंत पाणी गडप. खत घातलं तर पुढच्या पाण्याबरोबर तेही कुठंतरी पाताळात. आमच्या कार्यालयात जुन्या नळांतून पाणी कसं गळतं ह्याच्या कहाण्या मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. पण नळ नसतानाही पाणी इतकं गळू शकतं हे मी प्रथमच पाहत होते. गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली. मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले.

सगळ्यांचे सल्ले सांगत बसले तर ह्या हकिगतीला अनुक्रमणिका लागेल. एकच सांगते, कारण तो अमलात आला. आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. दवाखान्यात लाळ तपासायला ते रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या वापरतात. तसली एक पट्टी घेऊन ते खाली आले, वाटीत माती कालवली, पट्टी बुडवली आणि उजेडाकडे धरून बघत राहिले. एक्स-रे बघताना ते कसे दिसत असतील ते मला तेव्हा कळलं.

"वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "आम्ल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे माती आंबट आहे. तोंडात आम्ल झालं की दात किडतात. इथं मुळं किडतायत. कॅल्शियम पाहिजे, कॅल्शियम! मी देतो."

संध्याकाळी डॉक्टरांनी दवाखान्यातून एक पोतं आणलं. दातांचे साचे काढण्याच्या पांढऱ्या भुकटीचं पोतं, मुदत संपलेली म्हणून बाजूला पडलेलं. ह्यात कॅल्शियमच कॅल्शियम आहे, ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी ती भुकटी सगळ्या पट्ट्यावर छान पसरली, ह्यांनी वरून झारीनं पाणी घातलं, आणि आम्ही समाधानानं चहा प्यायला आत गेलो.

चहा संपवून बाहेर आलो तर पट्टा कडक झाला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत, पांढराशुभ्र, घट्ट. मधोमध ताईचा गुलाब, प्लास्टरमध्ये घातलेल्या पायासारखा ताठ उभा. एका बाजूला मांजराची पावलं उमटली होती, तीही इतकी सुबक की डॉक्टरांना राहवलं नाही. "काय सुंदर साचा आलाय!" ते म्हणाले.

तेवढ्यात सेक्रेटरी तिकडून चालले होते. ते थांबले, चपलेच्या टाचेनं पृष्ठभाग ठोकून पाहिला आणि अतिशय आदरानं म्हणाले, "मॅडम, फरशीचं काम तुम्हीच सुरू केलंत. सोसायटी आपली ऋणी आहे."

त्या रात्री मी जेवले नाही. म्हणजे जेवले, पण बोलले नाही.

ते कवच फोडण्यात ह्यांचे दोन रविवार गेले, आणि गुलाबही गेला. ताईला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे. प्रत्येकाला सगळंच जमायला पाहिजे असं थोडंच आहे?" ह्यापेक्षा तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

आता खरं म्हणजे मी हार मानणार होते. पण हातोडी धुता धुता हे म्हणाले, "मूळ प्रत न वाचताच आपण दुरुस्त्या करत बसलो. माती एकदा नीट तपासून घेऊ."

मातीची सरकारी प्रयोगशाळा पुलापलीकडे आहे. तपासणीला अर्धा किलो माती पुरते, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं असतं. पण सरकारी कामात काही कमी पडलं की पुन्हा खेटे घालावे लागतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी पट्ट्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून माती घेऊन चांगलं पोतं भरलं आणि आम्ही दोघं टॅक्सीनं निघालो. पुलाच्या तोंडाशी वाळूची चोरटी वाहतूक पकडणारा नाका आहे, हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. नाक्यावरच्या निरीक्षकांनी पोत्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वाळू!"

"माती आहे," मी म्हटलं.

"मी रोज वाळू पकडतो, बाई. परवाना दाखवा."

"मातीला परवाना कशाला?"

"माती आहे कशावरून?"

"तेच तर तपासायला चाललोय आम्ही!"

"म्हणजे तुमची तुम्हालाच खात्री नाही," निरीक्षक म्हणाले. "तपासणी होईपर्यंत ही वाळू समजली जाईल. आणि वाळू पुलापलीकडे जाणार नाही."

"आणि पलीकडे गेल्याशिवाय तपासणी होणार नाही!"

"ते आमच्या खात्याकडे येत नाही."

हे शेवटचं वाक्य मी स्वतः दिवसातून कितीदा म्हणते! ऐकायला ते इतकं वाईट लागतं ह्याची मला कल्पना नव्हती. शेवटी तडजोड झाली. पोतं नाक्यावर राहील, पोत्याची जबाबदारी म्हणून हे नाक्यावर राहतील, आणि मी माझ्या जेवणाच्या डब्यात मूठ-दोन मुठी घेऊन पुढं जाईन. नवऱ्याला तारण ठेवून मी पूल ओलांडला. मागं वळून पाहिलं तर हे पोत्याशेजारी बाकावर बसले होते आणि नाक्याचा सूचनाफलक वाचू लागले होते. मला जरा हायसं वाटलं. फलक लांबलचक होता.

प्रयोगशाळेत खिडकी होती आणि खिडकीत कारकून. त्यानं डबा उघडला, हलवला आणि माझ्याकडे सरकवला.

"ही वाळू आहे. आम्ही माती तपासतो."

खिडकीच्या ह्या बाजूला उभं राहिलं की माणूस किती बुटका होतो! पण त्या बाजूच्या माणसाला कशाची भीती वाटते ते मला ठाऊक होतं. "ठीक आहे," मी गोड आवाजात म्हटलं. "तपासणार नाही, एवढं लिहून द्या."

कारकून आत गेला तो साहेबबाईंना घेऊनच आला. त्यांनी डब्यात बोटं घातली, माती चोळली, तिचा वास घेतला आणि कारकुनाला म्हणाल्या, "वालुकामय असली तरी मातीच आहे ही. घ्या." दुपारपर्यंत माझ्या हातात शिक्क्यासकट निकाल होता. माती वालुकामय. आम्लधर्मी. पाणी व खत धरून ठेवत नाही. कुजलेला पाला जवळजवळ नाही.

तो कागद घेऊन मी नाक्यावर आले, नवरा सोडवला आणि पोतंही. निरीक्षक जरा नाराजच दिसले. पण ते पोत्यामुळे नव्हते. ह्यांनी त्यांच्या फलकावरच्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या होत्या आणि 'वाळु'मधला उकार दीर्घ करून दिला होता. टॅक्सीत बसल्यावर ह्यांनी निकाल दोनदा वाचला. "एकही चूक नाही," ते म्हणाले. ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मातीबद्दल. काही असो. आमची माती आता सरकारमान्य माती होती.

पण करायचं काय? आंबटपणा मारायला चुना घाला, असं चारजण म्हणाले. सगळी माती खणून काढा आणि बाहेरून काळी आणून टाका, असं ताई म्हणाली. मी विचार करत खिडकीवर बसले होते, तेवढ्यात एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. ते तोंड उघडतात न उघडतात तोच मी सवयीनं "टाकी धुऊन घ्या" म्हणून टाकलं. ते चिडले. "बाई, माझं ऐकून तर घ्या! माझ्याकडे टाकीच नाही!"

ते गृहस्थ गेल्यावरही माझ्या डोक्यातून 'माझं ऐकून तर घ्या' हे वाक्य जाईना. ही माती इतके महिने माझ्याशी काय बोलत होती? मी हलकी आहे, मला आंबट आवडतं, मला थोडंथोडं आणि वारंवार लागतं. आणि मी तिला काय देत होते? गुलाब! ज्यांना हिचं हे असंच असणं आवडतं, अशी मंडळी जगात असतीलच की. ती शोधायला हवीत.

वाचनालयात बसून मी ती शोधली. रताळ्याला जड जमीन नकोच असते, भुसभुशीत जमिनीत ते पाय पसरून वाढतं. भुईमुगाची फुलं वर येतात आणि शेंगा धरायला देठ जमिनीत शिरतात, जमीन कडक असेल तर त्यांचं डोकं आपटतं. मुळ्याला खडा लागला की तो वाकडा होतो, आमच्या पट्ट्यात औषधाला खडा नव्हता. अननसाला आंबट माती मानवते. वाचता वाचता मला असं भरून येत होतं, जणू लग्न न जमणाऱ्या मुलीला एकाच दिवशी चार चांगली स्थळं चालून यावीत.

पाणी धरायला मी पाल्याचं पांघरूण घालायचं ठरवलं. सोसायटीच्या झाडांचा वाळका पाला मी गोळा करू लागले, घराघरांतून भाज्यांची देठं मागू लागले. लोक आधी हसले, मग पिशव्या दारात ठेवू लागले. पाला कुजेपर्यंत मात्र सकाळ-संध्याकाळ झारी चालूच होती, आणि त्यामुळे एक नाजूक प्रसंग ओढवला. माझ्याच खिडकीवर माझ्याविरुद्ध तक्रार आली. तळमजल्यावरच्या बाई दिवसभर पाणी ओततात, म्हणे. तक्रार सेक्रेटरींनी स्वतः आणून दिली आणि माझ्याकडून पोच मागितली. मी पोच दिली. रीतसर मला नोटीस काढली, घरी जाऊन तिच्यावर स्वतःकडून सही करून घेतली आणि भाज्या धुतलेलं पाणी वापरते, असा खुलासा मुदतीच्या आत सादर केला. आमच्या कार्यालयात मुदतीत निकाली निघालेली ती पहिलीच तक्रार. त्याबद्दल वरिष्ठांनी माझं कौतुकही केलं. ते मी नम्रपणे स्वीकारलं.

ह्याच सुमारास ताईनं मला दोन कुंड्या पाठवल्या. तिच्याकडच्या हायड्रेंजियाची, म्हणजे चेंडूएवढे गुलाबी झुबके येणाऱ्या फुलझाडाची, तिनं स्वतः वाढवलेली दोन रोपं. सोबत निरोप होता, 'गुलाब नाही जमला, निदान हे तरी जगतंय का बघ.' एक रोप मी पट्ट्याच्या मधोमध पाल्यात लावलं. दुसरं ह्यांनी भिंतीच्या कडेला लावलं. मी म्हटलं, "अहो, तिथं नको. तिथं रंगाऱ्यांनी चुन्याची पिंपं विसळली होती." पण तोवर ह्यांनी खड्डा बुजवला होता, आणि बुजवलेला खड्डा पुन्हा उकरायचा म्हणजे स्वतःची चूक मान्य करायची. ते ह्यांच्या व्यवसायात बसत नाही.

आणि मग हळूहळू आमचा पट्टा हिरवा झाला.

हे मी अगदी साध्या शब्दांत सांगतेय, कारण सजवायला गेले तर माझा आवाज फुटेल. रताळ्याच्या वेलांनी जमीन झाकून टाकली. मुळे उपटले ते पांढरे, लांब आणि इतके सरळ की ह्यांनी एकावर पट्टी ठेवून पाहिली. भुईमुगाचा पहिला वेल मी उपटला तेव्हा डॉक्टर शेजारी होते. मुळाशी लगडलेल्या शेंगा बघून ते म्हणाले, "वहिनी, एकही किडलेली नाही!" त्यांच्याकडून ह्याहून मोठी दाद मिळणं शक्य नव्हतं. आणि रताळी! एकेक रताळं असं निघे की सेक्रेटरी येता-जाता मान दुसरीकडे वळवून चालू लागले.

मग हायड्रेंजिया फुलला. मधला झुबका आधी उमलला. मी सकाळी खिडकी उघडली आणि किंचाळले. फूल निळं होतं! फिकट नाही, जांभळट नाही, दौतीतल्या शाईसारखं निळं. मला वाटलं, झालं, ताईचं हेही झाड मी बिघडवलं. त्याच रविवारी ताई नेमकी आली. तिनं पट्टा पाहिला, रताळी पाहिली, आणि काहीतरी बरं बोलण्याच्या बेतात होती. तेवढ्यात तिला ते फूल दिसलं.

"हे काय?"

"तू दिलेलं," मी म्हटलं.

"मी गुलाबी दिलं होतं."

"हो, पण ते निळं झालं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "धाकटे, मेलं असेल तर मेलं म्हणावं. बाजारातून दुसरं आणून लावायची काय गरज होती? मी काय तुला रागावले असते?"

"मी नाही आणलं!"

"इतकी वर्षं झाडं करतेय मी. निळं मला हवं म्हणून कुठं कुठं शोधलं, आणलं की पुढच्या वर्षी माझ्याकडे गुलाबी होतं. आणि तुझ्याकडे गुलाबी लावलं की निळं येतं? मला काय खुळी समजतेस?"

ती चहा न घेता गेली. त्यानंतर तिनं माझा फोन घेतला नाही.

मला आजवर हट्टी म्हटलंय, वेंधळी म्हटलंय, मोठ्यानं बोलते म्हटलंय. पण खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात मी रताळ्यांना पाणी घालायचे आणि त्या निळ्या फुलाकडे पाठ करून उभी राहायचे. वार्षिक सभा तोंडावर आली होती, सगळी इमारत माझी स्तुती करत होती, आणि माझ्या घशाखाली ती स्तुती उतरत नव्हती.

मग एके दिवशी भिंतीकडचा झुबका उमलला. गुलाबी. ताईच्या बंगल्यात असतो तसाच, गुलाबी.

मी दोन्ही फुलांच्या मधे उभी राहिले. एकाच आईची दोन रोपं, एकाच दिवशी लावलेली. फरक काय? हे इथं, ते तिथं. आणि तिथं चुना! मी धावत वर गेले आणि डॉक्टरांच्या पट्ट्या मागून आणल्या. मधल्या मातीत पट्टीला एक रंग आला, भिंतीकडच्या मातीत दुसराच. माती आंबट, तर फूल निळं. चुना लागला, तर फूल गुलाबी. ताईच्या लोण्यासारख्या मातीत निळं का टिकत नव्हतं तेही आता कळलं. मी काही बिघडवलं नव्हतं. माझ्या मातीनं ते केलं होतं, आणि ते ताईच्या मातीला कधी जमलं नसतं.

ताई फोन घेईना. तेव्हा सभेच्या दिवशी हे स्वतः तिच्याकडे गेले. सहसा हे कुणाकडे आपण होऊन जात नाहीत. ते ताईला म्हणाले, "तुमच्या परवाच्या बोलण्यात एक चूक राहिलीये. ती इथं बसून दाखवता येणार नाही." ताईला चूक म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ती नुसत्या कुतूहलानं आली असावी.

सभा पट्ट्यातच भरली होती. मी डॉक्टरांच्या कागदी पट्ट्या ताईच्या हातात दिल्या, दोन्ही झाडांखालची माती वाट्यांत कालवून दाखवली. ती वाकली, तिनं पट्ट्या बुडवल्या, पाहिल्या. मग पट्ट्या बाजूला ठेवून ती झाडांनाच तपासू लागली. पानांची मागची बाजू बघितली, खोडाच्या बुडाशी माती सारून रोपं करताना आपण फांदीला घेतलेला तिरपा छाट बोटानं चाचपला. एका झाडाचा, मग दुसऱ्याचा. सेक्रेटरीही बोलायचे थांबले.

"दोन्ही माझीच आहेत," ताई उभी राहत म्हणाली. तिचा आवाज चांगला खणखणीत होता, गळा गोडच आहे तिचा. "मी हिला खोटं ठरवलं. ते चुकलं माझं."

हे ती माझ्याकडे न बघता, सगळ्या सभेला म्हणाली. माझे डोळे भरून आले, म्हणून मी नाक शिंकरलं आणि आवाज वाजवीपेक्षा मोठा झाला.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. पट्ट्यात 'काहीतरी' उगवलं आहे हे सभेला मान्य असल्याची नोंद घ्यावी, असं ते म्हणाले. सगळ्यांनी हात वर केले. मग रताळी वाटायची का, अशी कुणीतरी विचारणा केली. मतदानाआधी वाटणं हे प्रलोभन ठरलं असतं, नंतर वाटायला हरकत नाही, असा निर्णय सेक्रेटरींनी दिला आणि सर्वांत मोठं रताळं स्वतः निवडून घेतलं. फरशीचा विषय निघालाच नाही. मी दिवसभर मान इतकी ताठ ठेवली होती की दुसऱ्या दिवशी ती शेकावी लागली. पण ठेवली.

सगळे पांगल्यावर ताई तिथंच रेंगाळत राहिली. निळ्या फुलाभोवती एक फेरी मारली, मग आणखी एक. तिला काहीतरी मागायचं होतं, आणि माझ्याकडे काही मागायची तिला सवय नव्हती.

"धाकटे," ती शेवटी म्हणाली, "एक विचारू?"

"विचार ना."

"तुझी थोडी माती देशील मला?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आत गेले आणि रिकामं पोतं घेऊन आले. मी फावडं घेतलं. ताईनं पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं आणि ती माझ्यासमोर वाकून उभी राहिली. मी एकेक फावडं भरत होते आणि अगदी सावकाश ओतत होते. घाई कसली होती?